मानवरहित नाना

"विमानातला सगळ्यात बिनकामाचा भाग कोणता?"

ओळख होऊन चहा यायच्या आत नाना हा प्रश्न विचारतात. समोरचा बिचारा विचार करून 'चाकं' म्हणतो. कुणी 'ते पाठीमागचं फोल्डिंगचं टेबल' म्हणतं. नाना सगळ्यांना नापास करतात आणि स्वतःच उत्तर देतात, "पायलट."

मग खिशातून पेन्सिल निघते. नानांच्या घरी कोरा कागद विकत आणण्याची पद्धत नाही. लग्नपत्रिकांची पाकिटं चारी बाजूंनी उसवून, इस्त्री केल्यासारखी सपाट करून त्यांनी गठ्ठ्यानं जपलेली आहेत. अशाच एका पाकिटाच्या आतल्या बाजूवर, जिच्या बाहेरच्या बाजूला कुणाचे तरी चि. आणि चि. सौ. कां. अजून गणपतीच्या आशीर्वादानं उभे असतात, नाना विमान काढतात. नाकात कॅमेरा. पोटात इंधन. मागे जेट इंजिन. हवा आत घ्यायचं तोंड पाठीवर. पंख आखूड आणि त्रिकोणी. शेपटीत पॅराशूट. सगळं काढून झालं की नाना नाकाच्या मागे, काचेच्या घुमटाखाली, हेल्मेट घातलेला एक छोटा पायलट काढतात. आणि मग रबर घेऊन तो काढून टाकतात. ही शेवटची कृती करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते मी फक्त थकबाकी वसूल झालेल्या खजिनदाराच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे.

"आता बघा," नाना म्हणतात. "हा गडी बसवायचा म्हणजे खुर्ची आली. खुर्ची आली की संकटात ती बाहेर फेकणारं रॉकेट आलं. डोक्यावर काच आली. नाकाला प्राणवायू आला. तो गारठू नये म्हणून गरम हवा आली. आणि एवढे लाड करून वर त्याला परत यायचं असतं!"

'परत यायचं असतं' हे नाना अशा सुरात म्हणतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, पायलट लोकांना ही एक वाईट सवय आहे.

नाना दिघीच्या संरक्षण प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. तिथे त्यांनी जन्मभर काम केलं ते पुलांवर. नदीनाल्यावर रणगाडे जातील असे पूल. पण शेजारच्या इमारतीत 'निशांत' या आपल्या मानवरहित टेहळणी विमानासाठी ट्रकवरचा लाँचर तयार होत होता, आणि नाना जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिकडे जात. विमान ट्रकवरून सणकन सुटायचं आणि काम संपलं की पॅराशूटनं खाली यायचं, ही कल्पना पोळीभाजीबरोबर त्यांच्या पोटात गेली ती कायमची. तक्रार एकच, की निशांतला पंखा होता. "जेट पाहिजे, जेट," असं ते अजूनही हळहळतात. म्हणून त्यांचं खरं प्रेम बंगळुरूच्या 'लक्ष्य'वर. लक्ष्यला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं छोटं जेट इंजिन आहे. त्याचं काम मात्र टेहळणीचं नाही. तोफा आणि क्षेपणास्त्रवाल्यांना नेमबाजीचा सराव मिळावा म्हणून हवेत फिरायचं. हा कमीपणा नानांना मान्य नाही. "फायरबीही अशीच होती," ते म्हणतात. "तिचं काय झालं बघा."

फायरबीचं काय झालं, हे आमच्या सोसायटीत शाळकरी पोरांनाही पाठ आहे. अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या रायन कंपनीनं १९५१ साली हे छोटं जेट विमान उडवलं ते गोळ्या खाण्यासाठी. मग १ मे १९६० ला सोव्हिएत रशियानं स्वेर्दलोव्स्कजवळ अमेरिकेचं यू-२ हे हेरविमान पाडलं. त्याचा पायलट गॅरी पॉवर्स पॅराशूटनं जिवंत उतरला, ऑगस्टमध्ये मॉस्कोत त्याच्यावर खटला चालला, आणि जगभर अमेरिकेची शोभा झाली. "विमान पडल्याचं दुःख नव्हतं हो," नाना सांगतात. "पायलट बोलला! ड्रोन पकडलं गेलं तर ते साक्ष देतं का? त्याची बायको मॉस्कोला येते का?" तेव्हा रायनच्या लोकांनी फायरबीचे पंख लांबवले, पोटात इंधन वाढवलं, कॅमेरा बसवला, आणि मार खायला जन्मलेल्या त्या यंत्राला हेरगिरीची नोकरी लावली. १९६४ ते १९७५ या काळात चीन आणि व्हिएतनामवर या 'लाइटनिंग बग' मंडळींनी ३,४००हून अधिक फेऱ्या केल्या. त्यातलं एक, 'टॉम कॅट' नावाचं, ६८ वेळा गेलं आणि ६९ व्या फेरीचं नाव काढण्याआधी, सप्टेंबर १९७४ मध्ये, गेलं. टॉम कॅटचा विषय निघाला की नाना क्षणभर चष्मा काढतात. सख्ख्या चुलत्यासाठी त्यांनी एवढं केल्याचं त्यांच्या पत्नी माईंना आठवत नाही.

पायलटवरचा हा राग पाहून कुणालाही वाटेल की नानांना तरुणपणी हवाई दलानं चष्म्यापायी नापास केलं असणार. सोसायटीत बरीच वर्षं हीच कथा होती आणि लोक नानांशी त्या मानानं जरा हळुवार वागत. शेवटी कुणीतरी धीर करून विचारलं. नाना चकित झाले. "छे हो! मला झोपाळ्यावर मळमळतं. मी कशाला तडफडायला जातोय?" म्हणजे हा राग कुठल्या जखमेतून आलेला नाही. तो शुद्ध, तात्त्विक राग आहे. जिथे माणूस दिसेल तिथून तो काढता येईल का, हे पाहायचं.

आणि नाना यात एकटे नाहीत. ही जात जगभर आहे. सॅन दिएगोत आहे, मॉस्कोत तुपोलेव्हच्या कचेरीत होती, कॅलिफोर्नियात बरबँकला लॉकहीडच्या त्या गुप्त कारखान्यात होती. भाषा वेगळी, पेन्सिल तीच. तिला उड्डाण आवडतं, वेग आवडतो, उंची आवडते. माणसाला ती 'घटक' म्हणते. उतरण्याचा विषय काढला की ती म्हणते, "त्याचं बघू." फरक एवढाच, की त्या मंडळींना सरकारनं प्रयोगाला आकाश दिलं आणि नानांच्या वाट्याला आमची सोसायटी आली.

पहिली बळी गेली पाण्याची मोटर. आधी ती मामा लावत. मामा म्हणजे आमचे वॉचमन. मोटर लावायची, टाकी भरून पाण्याची धार गच्चीच्या पन्हाळातून पडायला लागली की बंद करायची, असं त्यांचं साधं शास्त्र होतं. अध्यक्ष झाल्या झाल्या नानांनी मोटरीला टायमर लावला. टायमर अचूक होता. महापालिकेचं पाणी अचूक नव्हतं. ज्या दिवशी दाब कमी असे त्या दिवशी टाकी भरायच्या आतच मोटर आपली वेळ झाली म्हणून घरी जाई. असंच एका सकाळी वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ अंगभर साबण लावून उभे होते आणि नळ कोरडा पडला. त्यांनी आतून हाका मारल्या. नाना तातडीनं वर गेले आणि न्हाणीघराच्या बंद दारासमोर उभे राहून म्हणाले, "अगदी असंच सोन तायला झालं होतं."

"नाना, पाणी!"

"१९७० साल. हनोईच्या पश्चिमेला सोन तायची छावणी. तिथे अमेरिकन युद्धकैदी आहेत अशी खबर. आहेत की नाहीत एवढंच बघायचं. ड्रोन पाठवलं झाडांच्या शेंड्यांलगत. आणि नेमकं छावणीवर यायच्या काही क्षण आधी ते कलंडलं! वळायची वेळ आधीच ठरवून दिलेली. ते तरी काय करणार? फोटो आला तो छावणीपलीकडच्या क्षितिजाचा."

"नाना, टाकी बघा हो!"

"नोव्हेंबरात हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरले. दारं फोडली. आत एकही कैदी नाही. जुलैतच हलवले होते. छावणी रिकामी!"

"नाना, टाकी!"

"तीही रिकामी. मुद्दा तोच आहे."

शेवटी मामांनी खालून दोन बादल्या आणून दिल्या. नानांनी त्याची नोंद 'तात्पुरता मानवी हस्तक्षेप' अशी केली.

पण खरा इतिहास घडला तो दिवाळीत, गच्चीवर. विषय निघाला होता टेहळणीच्या ड्रोनमधून फोटो परत कसे आणायचे याचा. आजच्यासारखं चित्र क्षणात खाली पाठवायची सोय तेव्हा नव्हती. कॅमेऱ्यात फिल्म असे, आणि ती हातात आली तरच सगळ्या खटाटोपाला अर्थ. रशियनांनी तुपोलेव्ह-१४३ ला पॅराशूट दिलं आणि जमीन जवळ आली की ब्रेकचं रॉकेट. अमेरिकनांनी त्याहून नाट्यमय मार्ग काढला. ड्रोन पॅराशूटनं खाली येत असताना हेलिकॉप्टरनं वरून यायचं, आकड्यानं पॅराशूट हवेतच पकडायचं आणि गुंडाळत न्यायचं. कुणीतरी म्हणालं, "नाना, हे काही पटत नाही." बस्स. नानांना तेवढंच हवं होतं.

जुन्या छत्रीचं कापड निघालं. त्याला आठ सुतळ्या बांधून पॅराशूट झालं. खाली लटकवला माईंचा स्टीलचा कडीचा डबा, आत वजनासाठी चकल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत नातवाला उभं केलं. त्याच्या हातात कोकणातून आणलेला आंबे काढायचा झेला. हे हेलिकॉप्टर. नाना गच्चीवर. खाली पार्किंगमध्ये प्रेक्षक. माई तेवढ्या म्हणाल्या, "डबा माझ्या आईनं दिलेला आहे." नाना म्हणाले, "त्याचं बघू."

डबा सुटला. छत्री उघडली, हे खरोखर सुंदर दिसलं. डबा डुलत डुलत खाली आला, गॅलरीपाशी पोचला, नातवानं झेला पुढे केला, आणि वाऱ्याची एक झुळूक येऊन डबा हातभर पलीकडून निघून गेला. मग मामा धावले. मामा वर बघत धावत होते. त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू स्कूटर घेऊन फाटकातून आत शिरल्या. मामांना वाचवायला त्यांनी स्कूटर डावीकडे घेतली. डावीकडे डबा होता.

कडाक् असा आवाज झाला. सगळे स्तब्ध. आणि गच्चीवरून नानांचा आवाज आला, आनंदानं चिरकलेला: "४ मार्च १९७१! डिट्टो!"

धापा टाकत खाली येऊन त्यांनी चपट्या डब्यापाशी जे व्याख्यान दिलं त्याचा सारांश असा. लॉकहीडच्या केली जॉन्सन यांनी डी-२१ नावाचं ड्रोन केलं होतं. आवाजाच्या तिपटीहून अधिक वेग, रॅमजेट इंजिन, आणि काम चीनच्या लोप नोर इथल्या अणुचाचणीच्या जागेचे फोटो काढणं. विमान परत आणायचंच नाही. समुद्रावर आलं की कॅमेरा आणि फिल्म असलेला खालचा कप्पा सुटेल, पॅराशूटनं उतरेल, आणि विमान स्वतःचा निकाल लावून घेईल. चीनवर अशा चार फेऱ्या झाल्या. नोव्हेंबर १९६९ मधलं पहिलं ड्रोन वळायचं विसरलं आणि सरळ सोव्हिएत हद्दीत जाऊन पडलं. त्याचे तुकडे अभ्यासून तुपोलेव्हनं आपला एक आराखडाही केला. दुसरं शहाण्यासारखं लोप नोरला जाऊन परत आलं, पण कप्प्याचं पॅराशूट नीट उघडलं नाही आणि फोटो समुद्रात गेले. तिसरंही गेलं, आलं, कप्पा सोडला. तो हवेत पकडता आला नाही. पाण्यात तरंगत होता. नौदलाची विनाशिका त्याला उचलायला आली, आणि त्याच्यावरूनच गेली. चौथं चीनमध्येच राहिलं.

"म्हणजे एकही फोटो नाही?" काकूंनी स्कूटरवरूनच विचारलं.

"एकही नाही," नाना अभिमानानं म्हणाले. "पण विमान काय होतं!"

माईंनी डबा उचलला. तो आता ताटलीसारखा दिसत होता. चकल्यांचं पीठ झालं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "चार वेळा जाऊन चार वेळा रिकाम्या हातानं परत यायला जेट कशाला लागतं? तुम्ही मंडईत पायी जाऊन करता की."

डी-२१ ची एक गोष्ट मात्र नाना सांगत नाहीत. ती आम्हाला बी विंगमधल्या वॉरंट ऑफिसर साहेबांकडून कळली, जे हवाई दलातून निवृत्त झालेले आहेत आणि कमी बोलतात. सुरुवातीला हे ड्रोन दुसऱ्या एका अतिवेगवान विमानाच्या पाठीवरून सोडत. ३० जुलै १९६६ ला ते सुटताना त्याच विमानावर आपटलं. त्या विमानातले दोघेही जिवंत बाहेर पडले, पण ड्रोन सोडणारा रे टॉरिक समुद्रात बुडून गेला. जॉन्सननी तो प्रकारच बंद केला. पुढे ड्रोन बी-५२ च्या पंखाखालून जाऊ लागले. साहेबांनी हे सांगितलं तेव्हा नाना तिथे होते. त्यांनी वाद घातला नाही. हातातलं पाकीट घडी करून खिशात ठेवलं आणि त्या संध्याकाळी त्यांनी कुणालाही बिनकामाचा भाग विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र ते फाटकाकडे वळले.

फाटकावर मामा होते. रात्रंदिवस तिथेच, केबिनमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. नानांच्या हिशेबानं फाटकाला लागतं काय? डोळा, हात आणि स्मरणशक्ती. डोळ्याच्या जागी चार कॅमेरे आले. हाताच्या जागी मोटरवर उचलणारा आडवा दांडा आला. स्मरणशक्तीच्या जागी मोबाइलवरचं ॲप आलं, ज्यात पाहुण्यानं नाव टाकायचं आणि घरच्यानं होकार द्यायचा. सर्वसाधारण सभेत ठराव झाला. मामांना शाल, श्रीफळ आणि एक पाकीट देण्यात आलं; पाकीट नेहमीप्रमाणे आतून वापरलेलं होतं, त्यावर तुपोलेव्हचा पंख होता. मामा समोरच्या सोसायटीत लागले आणि रस्त्यापलीकडून आमच्याकडे बघत बसले. तेवढी टेहळणी आम्हाला फुकट मिळत राहिली.

पुढे जे झालं ते तांत्रिक भाषेत सांगायचं तर यशस्वी झालं. कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं. फक्त ते बघायला कुणी नव्हतं. म्हणून दुपारी खजिनदार आणि रात्री सेक्रेटरी यांना पडद्यासमोर बसवलं. घंटागाडीच्या माणसाकडे ॲप नव्हतं, म्हणून सकाळी दांडा उचलायला तळमजल्यावरचे आजोबा. कॅमेऱ्यांवर कोळी जाळी विणत, म्हणून आठवड्याला शिडीवाला मुलगा. दांडा पावसात अडकला की कंपनीचा तंत्रज्ञ, आणि तंत्रज्ञ येईपर्यंत दांडा हातानं वर धरायला जो कोणी ऑफिसला निघालेला असेल तो. वीज गेली की जनरेटर लावायला आणखी एक. वॉरंट ऑफिसर साहेब रोज हे जाता-येता बघत. एकदा त्यांनी थांबून बोटं मोजली.

"नाना, त्या लाइटनिंग बगला उडवायला काय काय लागायचं हो?"

नाना उत्साहात आले. "चार इंजिनांचं हर्क्युलिस. ड्रोन त्याच्या पंखाखाली. त्यात पायलट, नॅव्हिगेटर, ड्रोन सोडणारे, दुरून हाकणारे. पकडायला हेलिकॉप्टर, त्याचा सगळा ताफा. जमिनीवर मेकॅनिक, फिल्म धुणारे, फोटो वाचणारे..."

"आणि वाचवला किती जणांना?"

"एकाला," नाना म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांची पेन्सिल थांबली.

साहेबांनी तेव्हाच दुसरा बाण काढला असता, पण ते सभ्य गृहस्थ. तो त्यांनी पुढच्या रविवारी काढला. नाना कट्ट्यावर तुपोलेव्ह-१२३, म्हणजे 'यास्त्रेब'चं कौतुक करत होते. १९६४ मध्ये रशियन सेवेत आलेलं हे राक्षसी ड्रोन जवळजवळ २८ मीटर लांब आणि ३५ टन वजनाचं. आवाजाच्या दुपटीहून पुष्कळ अधिक वेगानं जायचं, फोटो काढायचे, परत यायचं, आणि मग नाक तेवढं तोडून पॅराशूटनं उतरवायचं. कॅमेरा नाकात. बाकीचं अख्खं विमान, इंजिनासकट, फेकून द्यायचं. "केवढं मन मोठं!" नाना म्हणत होते. "पस्तीस टनांतलं नाक ठेवलं, बाकी सोडून दिलं. आपल्याला साधी रद्दी टाकवत नाही."

"त्याच घराण्यातलं इंजिन पुढे कशाला लागलं?" साहेबांनी विचारलं.

"मिग-२५ ला."

"बरेलीला आमच्याकडे होती ती. १९८१ ते २००६. टेहळणीचीच." साहेबांनी शेंगा सोलत सांगितलं. "आणि मिग-२५ आल्यावर रशियनांनी तुमच्या यास्त्रेबचं काय केलं?"

नाना गप्प.

"निवृत्त केलं," साहेबांनी स्वतःच उत्तर दिलं. "कारण मिग परत यायचं. अख्खं. त्यात पायलट होता, आणि त्याला ती वाईट सवय होती."

कट्ट्यावर एवढं हसणं झालं की समोरच्या सोसायटीतून मामा उठून बघायला आले.

नाना हार मानणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी मार्च २०२२ ची वाट काढली. त्या १० तारखेच्या रात्री क्रोएशियाची राजधानी झाग्रेबमध्ये विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाजवळ आकाशातून एक भलंमोठं यंत्र येऊन पडलं. ते होतं तुपोलेव्ह-१४१, 'स्त्रिझ'. सोव्हिएत काळात खारकीव्हच्या कारखान्यात झालेलं, चौदा मीटर लांब, पाच टनांहून जड, शेपटीत पॅराशूट असलेलं. युक्रेनकडून निघून रुमानिया आणि हंगेरीवरून ते क्रोएशियात आलं आणि तिथे कोसळलं. माणूस कुणी दगावला नाही, उभ्या गाड्यांचं मात्र बरंच नुकसान झालं. रशिया म्हणे आमचं नव्हे, युक्रेन म्हणे आमचं नव्हे. नानांच्या दृष्टीनं मात्र हा वयोवृद्ध डिझाइनचा विजय होता. "अहो, चाळीस वर्षांचं जुनं यंत्र! नाटोचे दोन देश ओलांडून तिसऱ्यात! पायलट असता तर घाबरून मागे फिरला असता."

माई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, "पण त्याला जायचं कुठं होतं?"

या प्रश्नावर क्रोएशियाचं सरकार, नाटो आणि नाना अजून विचार करत आहेत.

दरम्यान आमची मंडळी कंटाळली. खजिनदारांनी दुपारची वामकुक्षी परत मागितली, सेक्रेटरींची नाइट शिफ्ट बायकोला पटेना, आजोबा गावी गेले. उरले नाना. ते म्हणाले, पडदा मी बघतो. केबिनमध्ये प्लॅस्टिकची खुर्ची होतीच. तिच्यावर नाना बसले, हातात दांड्याचा रिमोट, पुढ्यात पडदा, बाजूला पाकिटांचा गठ्ठा. केबिनवर त्यांनी स्वतःच्या सुबक अक्षरात पाटी लावली, 'ग्राउंड कंट्रोल'. काही दिवस बरे गेले. मग एका भर दुपारी रिक्षावाला आला, हॉर्न वाजवला आणि ओरडला, "ओ मामा! उघडा की!"

नानांनी दांडा उचलला. रिक्षा आत गेली. नाना बराच वेळ रिमोटकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी पाकीट ओढलं.

पुढच्या सभेत अध्यक्षांनी एक तांत्रिक प्रस्ताव मांडला. चूक झाली, माणूस परत ठेवू या, असलं काही त्यात नव्हतं. शीर्षक होतं 'फाटक टेहळणी प्रणाली, सुधारित आवृत्ती'. खाली आराखडा, आणि बाजूला तपशील, नानांच्या हातचे:

नग एक. वजन अंदाजे ५८ किलो. इंधन चहा, दिवसातून चार वेळा, साखर जास्त. अंधारात दिसतं. पावसात अडकत नाही. वीज गेली तरी चालू. सोसायटीतली सगळी मुलं, त्यांचे मित्र आणि कुणाची आई कुणाला कधी शोधत येईल याची माहिती आतच साठवलेली. नेटवर्क लागत नाही. मोटरची वेळ पाण्याच्या आवाजावरून ओळखतो. पडणारी वस्तू झेलण्याचा एकदा प्रयत्न केलेला आहे. काम संपल्यावर पॅराशूटशिवाय आपापला परत येतो.

"शेवटचा मुद्दा महत्त्वाचा," नाना वर बघून म्हणाले. "ही सोय अजून कुठल्याच डिझाइनमध्ये नीट बसलेली नाही."

ठराव एकमतानं मंजूर झाला, पगारात दोन हजारांच्या वाढीसह. मामांना रस्त्यापलीकडून बोलावून तपशील वाचून दाखवला. त्यांनी तो लक्ष देऊन ऐकला, साखरेच्या मुद्द्यावर मान डोलावली, आणि एकच दुरुस्ती सुचवली: आठवड्याला एक सुट्टी.

नानांनी पेन्सिल काढली, तपशिलाच्या खाली एक ओळ वाढवली, 'देखभाल कालावधी, दर रविवारी', आणि सही केली. रविवारी केबिनमध्ये ते स्वतः बसतात. रिक्षावाले त्यांनाही मामाच म्हणतात, आणि आत शिरण्याआधी प्रत्येकाला सांगावं लागतं, विमानातला सगळ्यात बिनकामाचा भाग कोणता. चुकीचं उत्तर दिलं तरी दांडा वर जातो. 'पायलट' असं बरोबर उत्तर दिलं तर मात्र नाना म्हणतात, "तसं नाही हो ते, थांबा, सांगतो," आणि मीटर चालू राहतं.